एक्सल तुटला, आता काय?

भीमेच्या उत्तरेला शिरूर आणि दक्षिणेला दौंड. या पट्ट्यात फोर बाय फोर गाडीची खरी परीक्षा डोंगरात होत नाही, उसाच्या फडात होते. पाणी दिलेली काळी माती, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या, आणि बांध ओलांडला की लगेच न्हावरे-चौफुल्याचा नाहीतर पाटसचा डांबरी रस्ता. चिखल आणि डांबर यांचा हा शेजार पुढच्या एक्सलच्या मुळावर येतो. तो कसा, ते एकदा कळलं की एक्सल बदलणं हे घरच्या अंगणातलं काम आहे हेही पटतं.

हे काम कोणत्या गाडीवर करायचं आहे ते आधी पाहावं. आपल्याकडे तीन पिढ्या एकाच वेळी रस्त्यावर आहेत. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप जोडायला घेतली. पुढे सीजे-३बी आणि त्यावरून निघालेली एमएम ५४० खेड्यापाड्यांत, पोलिसांत, सैन्यात रुळली. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. २०१० मध्ये थार आली आणि २ ऑक्टोबर २०२० ला नाशिकच्या कारखान्यात बनणारी नवी थार. जुनी जीप आणि जिप्सी यांचा पुढचा एक्सल अखंड, म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत लोखंडी नळी, आणि नळीत दोन बाजूंना दोन शाफ्ट. नव्या थारची पुढची चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. तिथे नळी नाही, रबरी बूट घातलेले उघडे ड्राइव्ह शाफ्ट आहेत. खाली सांगितलेली पद्धत अखंड एक्सलची आहे. थारवाल्यांनी बूट फाटलाय का ते दर सर्व्हिसिंगला पाहिलं तरी अर्धं काम झालं. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि वाळू आत, मग सांधा फार दिवस टिकत नाही.

जुन्या जीपखाली वाकून पाहिलं तर डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा मधोमध नसून एका अंगाला सरकलेला दिसतो. त्यामुळे एक शाफ्ट आखूड, दुसरा लांब. नवा शाफ्ट मागवताना कोणत्या बाजूचा, हे सांगायचं राहिलं तर पुण्याला पुन्हा हेलपाटा ठरलेला.

या डिफरन्शियलची एक गंमत अशी, की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एका बाजूचा शाफ्ट तुटला की त्या बाजूचा विरोध शून्य होतो आणि दुसऱ्या बाजूलाही शून्यच मिळतं. म्हणजे एक शाफ्ट गेला की पुढची दोन्ही चाकं गेली. गाडी मात्र मागच्या चाकांवर बिनबोभाट चालत राहते. म्हणून कित्येकांना एक्सल तुटल्याचं पुढच्या चिखलात रुतल्यावरच कळतं. वळताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज, फोर बाय फोर टाकूनही पुढची चाकं थंड, किंवा चाकाच्या आतल्या अंगाला काळं तेल ओघळलेलं, यातलं काहीही दिसलं तरी गाडी चालवत राहू नये. तुटलेला तुकडा नकलमध्ये, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याच्या घरात, अडकला तर स्टिअरिंगच जाम होऊ शकतं.

आता तुटतो का? विलीज सीजे-३बीचं उदाहरण घेऊ. पहिला गिअर २.८, लो रेंज २.४६, एक्सल ५.३८. गुणाकार केला तर इंजिनाचा जोर सुमारे ३७ पट होऊन एक्सलवर येतो. चिखलात चाक घसरतं तोवर हा जोर वाया जातो, आणि शाफ्ट वाचतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, पाय ॲक्सिलरेटरवर, चाक हवेत गरगरतंय आणि तेच एकदम कडक मुरमावर टेकलं, की सगळा झटका शाफ्टच्या टोकावरच्या बोटभर जाडीच्या स्प्लाइनवर, म्हणजे दात्यांवर, येतो. दुसरं कारण जास्त साधं आणि माझ्या मते जास्त सार्वत्रिक आहे: फोर बाय फोरची लिव्हर मागे घ्यायला विसरणं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात तो फरक घसरून भरून निघतो, डांबरावर निघत नाही, आणि शाफ्ट पिळत राहतात. फडातून निघून तसंच दौंडच्या बाजारापर्यंत गेलं तर प्रत्येक वळण हिशेबात जमा होतं.

त्यात शाफ्टच्या चाकाकडच्या सांध्याचा स्वभाव भर घालतो. साधा क्रॉस असलेला सांधा ३० अंशात वळला तर एका फेऱ्यात दोनदा वेग वाढतो आणि दोनदा कमी होतो. शाफ्ट मिनिटाला १०० फेरे घेत असेल तर चाकाकडचा वेग ८७ ते ११५ च्या दरम्यान झोके खातो. स्टिअरिंगला जो हिसका जाणवतो तो हाच. यावर फोर्डमध्ये काम करणाऱ्या आल्फ्रेड झेप्पा याने १९२० च्या दशकात सहा गोळ्यांचा सांधा काढला, त्यात वेग सारखा राहतो. महायुद्धातल्या विलीजमध्ये असे तीन-चार प्रकारचे सांधे वापरले गेले. आपल्या गाडीत कोणता आहे ते उघडल्यावर पाहून मगच सुटे भाग घ्यावेत.

कामाला जागा कोब्याची हवी. मुरमाच्या अंगणात जॅक खचतो, तेव्हा खाली जाड फळी टाका. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर असतो, त्याच्यावर विसंबू नका. जॅकवर उचलून एक्सलच्या नळीखाली घोडी लावल्याशिवाय गाडीखाली हात घालायचा नाही. विटांची चळत ही घोडी नव्हे. वीट दाबाखाली न सांगता फुटते.

चाक काढलं की हबची टोपी, मग ड्राइव्ह फ्लँजचे बोल्ट. फ्लँज निघाला की आत लॉकनट दिसतो, त्यामागे कान दुमडलेला वॉशर आणि त्याच्यामागे बेअरिंगचा नट. यांच्यासाठी खास बॉक्स पाना मिळतो. छन्नी-हातोड्याने नट फिरवायची आपल्याकडे सवय आहे, पण तिने नटाच्या कडा आणि स्टबचे, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या पोकळ दांड्याचे, आटे दोन्ही जातात. ड्रम हबसकट बाहेर येतो. मागची ब्रेक प्लेट बोल्ट काढून तारेने पाट्याला टांगून ठेवावी, नुसती लोंबकळली तर ब्रेकचा होज पाइप ताणतो. मग स्टब निघतो. शाफ्ट सांध्यासकट सरळ, आडवा धरून ओढायचा. तो खाली कलला तर नळीच्या तोंडाशी असलेलं ऑइल सील चिरतं, आणि मग डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं. सील तसंही स्वस्त असतं, ते नवंच टाका.

शाफ्ट डिफरन्शियलच्या तोंडाशीच तुटला असेल तर उरलेला तुकडा आत राहतो. लांब सळईच्या टोकाला लोहचुंबक लावून तो बहुधा येतो. नाही आला तर जुन्या जीपमध्ये गोळ्यावरचं झाकण उघडावं लागतं. कसंही करा, तेल पूर्ण काढा. तळाशी चमकणारी कचकच दिसली तर आत डिझेलने धुऊन मग नवं गिअर ऑइल भरा.

आणि तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका. आधी तो उजेडात धरा. तुटीवर समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटांच्या रेघांसारख्या रेघा असतील आणि एक भाग काळवंडलेला, गुळगुळीत असेल, तर तडा जुना होता आणि शेवटचा झटका फक्त निमित्त. स्प्लाइन जिलबीसारख्या पिळल्या असतील तर एकाच वेळी अति जोर आला. तूट तिरकी, ४५ अंशाच्या मळसूत्रासारखी असेल तर पोलाद ठिसूळ होतं, म्हणजे भाग नकली असण्याची किंवा घडवताना चुकण्याची शंका घ्या. पहिल्या प्रकारात दुसऱ्या बाजूचा शाफ्टही बाहेर काढून तपासावा, कारण त्याचंही वय तेवढंच आहे.

सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत पाहावेत. जुन्या जीपसाठी हरियाणातल्या मंडी डबवालीचं नाव घेतलं जातं, पण तिथून आलेला माल नवा की वापरलेला हे डोळ्यांनी पाहून घ्यावं. क्रॉस बसवायला आणि बेअरिंगचे कप दाबायला प्रेस लागतो. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये तो असतो, तेवढंच काम बाहेरून करून घेण्यात कमीपणा नाही. मूळ मापाचा शाफ्ट बसवणं ही दुरुस्ती आहे. टायर भलेमोठे करणं मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येऊ शकतं, शिवाय टायरचा व्यास वाढला की शाफ्टवरचा पीळही वाढतो. थारला ट्रकची चाकं लावून गावभर मिरवणाऱ्यांनी हे दोन्ही हिशेब करावेत.

जोडणी उलट्या क्रमाने. शाफ्ट आत सरकवताना थोडा फिरवा, स्प्लाइन जुळल्या की तो आपोआप बसतो. ठोकू नका. बेअरिंगचा नट हब फिरवत फिरवत आवळा, हब जड झाला की सहावा हिस्सा फेरा मागे घ्या, वॉशर घाला, लॉकनट घट्ट करा आणि मग वॉशरचा कान दुमडा. चाक वरखाली हलवून खेळ येत नाही ना ते बघा. ब्रेकचा पाइप उघडला असेल तर हवा काढल्याशिवाय गाडी बाहेर नेऊ नका.

पहिल्यांदा करणाऱ्याला सगळा दिवस लागेल, आणि सोबत एक जाणता माणूस असावा. ब्रेक किंवा स्टिअरिंगबद्दल मनात किंतु असेल तर गाडी सरळ गॅरेजला द्या. काम झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर नट जास्त आवळला गेला आहे, तो त्याच दिवशी पुन्हा सैल करून घ्या.