भुयारातील हवा आणि डक्टमधील हवा : पारशिवनी परिसरातील वातनियंत्रणाचा मागोवा

नागपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील पारशिवनी तालुक्यात हवेला ठरवून दिलेल्या वाटेने नेण्याच्या दोन व्यवस्था विसाव्या शतकात वाढल्या. पहिली जमिनीखाली, कन्हान, टेकाडी आणि कांद्री यांच्या आसपासच्या कामठी कोळसाक्षेत्रातील भुयारी खाणींमध्ये, तर दुसरी जमिनीवर, वाळ्याच्या ताटीपासून सुरू होऊन कूलरमार्गे मंगल कार्यालयांच्या पत्र्याच्या डक्टपर्यंत पोहोचलेली. दोन्हींचे भौतिकशास्त्र एकच आहे, तरीही या व्यवस्था एकमेकींशी ओळख न होता वाढल्या. खाली वाहणारी हवा कायद्याच्या धाकाने मोजली गेली आणि वरची हवा बहुतांशी अंदाजावर सोडली गेली. या फरकाचे परिणाम आजही दर उन्हाळ्यात भोगावे लागत असल्यामुळे दोन्ही व्यवस्थांचा इतिहास एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

वैदर्भी उन्हाळ्याचे वैशिष्ट्य त्याच्या कोरडेपणात आहे. नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. परंतु ज्या दुपारी पारा ४४ अंशांवर असतो आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ सामावू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, १५ टक्क्यांच्या घरात असते, त्या दुपारी ओल्या फडक्याने वेढलेला तापमापक जेमतेम २३ अंश दाखवतो. पाण्याचे बाष्पीभवन होताना हवेतील उष्णता शोषली जाते, आणि या मार्गाने हवा जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल याची मर्यादा हे ओले तापमान ठरवते. ओल्या वाळ्यातून वारा घेण्याची जुनी रीत याच तत्त्वावर उभी होती. मात्र ताटीतून हवा येणार की नाही हे वाऱ्याच्या मर्जीवर होते आणि वारा पडला की ताटी निरुपयोगी ठरत असे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी बंगल्यांमध्ये थर्मँटिडोट नावाचे यंत्र आले, तेव्हा हे परावलंबित्व सुटले. खिडकीत बसवलेल्या मोठ्या पेटीत हाताने फिरवायचा पंखा आणि बाजूंना ओला वाळा अशी त्याची रचना होती. त्याचे खरे महत्त्व असे की, ते हवा आत ढकलत असल्यामुळे खोलीतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राहत असे आणि फटींतून बाहेरची लू आत शिरण्याऐवजी आतलीच हवा बाहेर पडत असे. दाबाच्या या अत्यल्प फरकाने हवेची दिशा ठरवणे हाच पुढील सर्व वातनियंत्रणाचा पाया आहे. नागपुरात हीच गरज उद्योगाच्या अंगाने पुढे आली. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कोरड्या हवेत कापसाचे सूत वारंवार तुटते, म्हणून या गिरणीत हवा ओलसर राखणारी यंत्रे बसवण्यात आली आणि असे करणाऱ्या भारतातील आरंभीच्या गिरण्यांत तिची गणना होते. माणसाच्या सुखाआधी सुताच्या गरजेने हवेवर नियंत्रण यावे, हे केवळ येथेच घडले नाही. अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये उभारलेली वातानुकूलन यंत्रणाही एका छापखान्यातील कागद ओलाव्याने फुगू नये यासाठीच होती.

नळातून वाहणाऱ्या हवेचा नियम मात्र गिरणीत किंवा बंगल्यात सापडला नाही, तो कोळशाच्या खाणीत सापडला. इंग्लंडमधील खाण अभियंता जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी १८५४ मध्ये खाणीतील वायुवीजनाची उपपत्ती मांडली. तिचे सार असे की, एखाद्या मार्गातून हवा नेण्यासाठी लागणारा दाबाचा फरक हवेच्या प्रमाणाच्या वर्गाबरोबर वाढतो; म्हणजे त्याच मार्गातून दुप्पट हवा न्यायची झाल्यास दाब चौपट लागतो आणि पंख्याला द्यावी लागणारी शक्ती आठपट होते. मार्गाची लांबी, अरुंदपणा, भिंतींचा खडबडीतपणा आणि वळणे मिळून त्या मार्गाचा रोध ठरतो. गोल नळाचा व्यास निम्मा केला आणि हवा पूर्वीइतकीच न्यायची म्हटली, तर घर्षणामुळे होणारी दाबाची घट सुमारे ३२ पट होते. हा एक आकडा लक्षात घेतला तरी, थोडा पत्रा वाचवण्यासाठी डक्ट बारीक करणे किती महागात पडते हे स्पष्ट होते.

पारशिवनी तालुक्याच्या जमिनीखाली हा नियम रोजच्या कामाचा भाग होता. भुयारी खाणीला किमान दोन तोंडे असतात. एकातून ताजी हवा आत येते आणि दुसऱ्यावर बसवलेला मुख्य पंखा वापरलेली हवा बाहेर खेचतो. आत मैलोगणती गॅलऱ्या, म्हणजे कोळसा काढून तयार झालेले बोगदे असतात आणि हवा नेहमी सर्वांत कमी रोधाची वाट धरत असल्यामुळे, तिला मोकळे सोडल्यास ती जवळच्या रस्त्यानेच परत फिरते व कामगार जेथे कोळसा काढत असतात त्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून येणाऱ्या आणि परतणाऱ्या हवेच्या मार्गांमधील जुन्या जोडवाटा विटांच्या भिंतींनी बंद केल्या जातात. जेथे ये-जा आवश्यक असते तेथे एकामागोमाग दोन दारे बसवतात आणि एक मिटल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही असा दंडक असतो. दारावर दाबाचा फरक किती असतो, हे आकड्यात सांगितल्याशिवाय उमगत नाही. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ९.८ पास्कल. दाबातील फरक ५० मिलिमीटर असेल, तर दोन चौरस मीटरच्या दारावर सुमारे १०० किलोग्रॅम वजनाइतका जोर पडतो. वातावरणाच्या एकूण दाबाच्या तुलनेत हा फरक अर्धा टक्काही नसतो, तरी एकट्या माणसाला ते दार सहजी लोटता येत नाही.

खाणीतील रेग्युलेटर हे साधन तर आजच्या डक्टमधील डॅम्परचे पूर्वज म्हणावे असे आहे. दोन विभागांपैकी जवळच्या विभागात जास्त हवा जात असेल, तर त्याच्या परतीच्या मार्गात सरकत्या झडपेचे दार बसवून मुद्दाम रोध वाढवला जातो, जेणेकरून हवा दूरच्या विभागाकडे वळावी. येथे एक गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते : झडप हवा निर्माण करत नाही, ती वाटणी बदलते, आणि ती बदलताना एकूण रोध वाढवून पंख्याच्या एकूण हवेत थोडी घटही आणते. आंधळ्या टोकापर्यंत, म्हणजे पुढे वाट नसलेल्या गॅलरीत, सहायक पंखा आणि नळ यांच्या साहाय्याने हवा पोहोचवली जाते. हवा ढकलणारा नळ कापडी असला तरी चालतो, कारण आतील दाब त्याला फुगवून ठेवतो. पण हवा खेचणारा नळ ताठच असावा लागतो, अन्यथा बाहेरचा दाब त्याला चपटा करतो. शिवाय सहायक पंखा ताज्या हवेच्या प्रवाहात, परतीच्या तोंडापासून दूर ठेवला नाही, तर तो वापरलेलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आणि मिथेन साचण्याचा धोका निर्माण होतो.

या सर्वांमागे कायद्याचे बळ होते. कोळसा खाण विनियम, १९५७ नुसार प्रत्येक विभागात सर्वांत मोठ्या पाळीतील दर माणसामागे मिनिटाला किमान ६ घनमीटर, किंवा दैनिक उत्पादनाच्या दर टनामागे २.५ घनमीटर, यांपैकी जे अधिक असेल तेवढी हवा मिळणे बंधनकारक होते. हवेत ऑक्सिजन १९ टक्क्यांहून कमी नसावा आणि ओले तापमान ३३.५ अंशांवर जाऊ नये, अशीही अट होती. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि पुढे नागपूर मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या काळातही हीच चौकट टिकली आणि २०१७ च्या नव्या विनियमांनी ती पुढे नेली. पात्यांचे वेगमापक यंत्र गॅलरीच्या संपूर्ण छेदातून संथपणे फिरवून सरासरी वेग काढायचा, त्याला छेदाच्या क्षेत्रफळाने गुणायचे आणि आलेला आकडा वहीत लिहायचा, ही शिस्त अत्यंत मोलाची आहे, कारण हवा डोळ्यांना दिसत नाही आणि गालाला लागलेल्या झुळकेवरून तिचे प्रमाण कळत नाही. कधी कधी तर हवा न पोहोचू देणे हेच काम असते : सोडून दिलेल्या भागातील कोळसा ऑक्सिजन शोषून आपोआप तापतो, म्हणून त्या भागाच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा राखून तेथे हवा झिरपणारच नाही अशी व्यवस्था केली जाते.

जमिनीवरच्या इतिहासात असा काटेकोरपणा आढळत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याची पेटी, वुड वूलच्या ताट्या, पाण्याचा पंप आणि पुढे पंखा असा कूलर विदर्भात घरोघरी पोहोचला आणि त्याने सामान्य कुटुंबांचा उन्हाळा सुसह्य केला, हे त्याचे ऋण मान्य करावेच लागेल. वर उल्लेखिलेल्या ४४ अंशांच्या दुपारी चांगल्या ताट्यांचा कूलर खोलीत सुमारे २७ अंशांची हवा सोडू शकतो. मात्र आत आलेली हवा बाहेर जायला हवी. ताशी ३६०० घनमीटर हवा देणाऱ्या कूलरसाठी, बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला एक मीटर धरल्यास, एक चौरस मीटर मोकळी वाट लागते. खिडक्या बंद ठेवल्या की खोलीतील दाब वाढतो, पंख्याची हवा घटते, तीच ओलसर हवा साचते आणि अंगाला चिकचिक होऊ लागते. त्याचा दोष मात्र कूलरला दिला जातो.

मंगल कार्यालये आणि सभागृहे यांच्यासाठी डक्ट कूलर आले, तेव्हा अडचण अधिक गंभीर झाली. साध्या कूलरमधील पात्यांचा पंखा भरपूर हवा देतो, पण ती अगदी कमी दाबाने. त्याला लांब डक्ट जोडल्यास हवा पंख्यापाशीच घुटमळते. म्हणून डक्टसाठी पिंजऱ्यासारख्या चाकाचा ब्लोअर लागतो, जो हवा परिघाकडे फेकून अधिक दाब निर्माण करतो. तरीही डक्टमधील दाबाचे दोन घटक वेगळे न ओळखल्यामुळे चुका होतात. स्थिर दाब डक्टच्या भिंतींवर सर्व बाजूंनी पडतो आणि ग्रिलमधून हवा बाहेर ढकलतो, तर वेगदाब हवेच्या गतीत असतो व तो सेकंदाला ५ मीटर वेगाला सुमारे १५ पास्कल, तर १० मीटर वेगाला ६० पास्कल भरतो. १७३२ मध्ये फ्रेंच अभियंता आंरी पितो यांनी सेन नदीचा वेग मोजण्यासाठी वापरलेल्या नळीचेच सुधारित रूप आजही हा वेगदाब मोजते. डक्टची रुंदी शेवटपर्यंत एकसारखी ठेवली, तर प्रत्येक ग्रिलनंतर वेग कमी होतो आणि त्या वेगदाबाचा काही भाग स्थिर दाबात परततो. त्यामुळे घर्षण कमी असल्यास टोकाच्या ग्रिलमधून जोराची हवा येते, आणि डक्ट लांब, खडबडीत किंवा गळका असल्यास नेमके उलट घडून टोकाची माणसे घामाघूम राहतात. दोन्ही दोषांवर उपाय एकच : डक्ट टप्प्याटप्प्याने निमुळता करणे, वळणांत हवेला दिशा देणाऱ्या पट्ट्या बसवणे, प्रत्येक फाट्यावर डॅम्पर ठेवणे आणि प्रत्येक ग्रिलची हवा मोजून डॅम्पर पक्के करणे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत वातानुकूलन, तापन आणि यांत्रिक वायुवीजन यांना स्वतंत्र विभाग दिलेला आहे, परंतु तालुक्याच्या पातळीवरच्या पत्राकामापर्यंत ही संहिता क्वचितच पोहोचते. पंख्याची गती विजेच्या वारंवारितेद्वारे कमी-जास्त करणारी साधने आता उपलब्ध आहेत. अ‍ॅटकिन्सनच्या नियमानुसार, मार्ग तोच असताना हवा पाचव्या हिश्शाने कमी केली तरी शक्ती जवळपास निम्मी लागते, हे पाहता या साधनांचा खर्च लवकर भरून निघतो.

दरम्यान तालुक्यातील खाणकामाचे स्वरूपही बदलले. कामठी आणि इंदर येथे खुल्या खाणीचे प्रकल्प आले आणि खुल्या खाणीत वायुवीजनाचा प्रश्न भुयारासारखा उरत नाही. भुयारे मागे पडतील तसे तेथे जोपासलेले हवा मोजण्याचे कौशल्यही निरुपयोगी ठरून विस्मरणात जाण्याचा धोका आहे. दर माणसामागे ६ घनमीटर हवेचा हिशेब जेथे पाळीपाळीला होत आला, त्याच तालुक्यातील सभागृहांत भर मे महिन्यात शेकडो पाहुणे बसत असताना कोणत्या ग्रिलमधून किती हवा येते हे कुणालाच ठाऊक नसावे, ही खेदाची बाब आहे. ती दुरुस्त करण्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. पारशिवनीत किंवा अन्यत्र डक्ट बसवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने काम स्वीकारण्यापूर्वी कंत्राटदाराकडून तीन आकडे लेखी मागून घ्यावेत : पंख्याची सांगितलेली हवा किती पास्कल दाबाला मिळते, प्रत्येक ग्रिलवर प्रत्यक्ष मोजलेली हवा किती आहे, आणि ती बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेचे क्षेत्रफळ किती आहे.