डिपस्टिक नसलेला गिअरबॉक्स

बॉनेट उघडलं की इंजिन ऑईलची डिपस्टिक हाताशी असते, कूलंटची टाकी समोर दिसते, ब्रेक ऑईलच्या डबीवर कमी-जास्तीच्या खुणा असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मात्र पत्ता लागत नाही. पूर्वीच्या ऑटोमॅटिक गाड्यांना त्याचीही वेगळी डिपस्टिक असे. मालक ती काढून पुसायचा आणि ऑईल ठीक आहे की करपलंय, हे डोळ्यांनी आणि नाकानेही ओळखायचा. १९९०च्या दशकात आधी युरोपातल्या आणि मग जपानी कंपन्यांनी ती काढून टाकायला सुरुवात केली. हे ऑईल गाडीच्या आयुष्याला पुरणारं आहे, बदलायची गरज नाही, असं ग्राहकाला सांगितलं गेलं. आज इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकपासून बीएमडब्ल्यूपर्यंत कितीतरी गाड्यांत असे ‘सील्ड’ गिअरबॉक्स आहेत. त्यांतल्या पुष्कळ गाड्या आता दीड-दोन लाख किलोमीटर चालल्या आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोचल्या आहेत. या मालकाला गॅरेजच्या दारात दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, ऑईल ताबडतोब बदला. दुसरा म्हणतो, आजवर चाललंय ना, मग हात लावू नका.

दोघंही आपापल्या अनुभवातून बोलत असतात. कुणाचं किती खरं, हे कळायला आधी हे ऑईल आत नेमकं काय करतं ते पाहावं लागतं.

ऑईल हाही एक सुटा भागच

इथे बोलतो आहोत ते टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सबद्दल. २०१४ साली सेलेरिओतून भारतात आलेली स्वस्त एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्यात क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. सीव्हीटी आणि डीसीटी यांची रचना वेगळी, ऑईलही वेगळं.

टॉर्क कन्व्हर्टरचा जन्म मोटारीसाठी झालाच नव्हता. हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनिअर श्टेटिनच्या व्हल्कान गोदीत जहाजांवर काम करत होता. वाफेची टर्बाइन वेगात फिरते आणि जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. या दोघांची सांगड दात्यांच्या चाकांऐवजी द्रवाने घालायची युक्ती त्याने काढली आणि १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. मोटारीपर्यंत हे तत्त्व यायला आणखी तीन दशकं लागली. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत मिळू लागला. मोठ्या संख्येने खपलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसला.

तेव्हापासून आतली मूळ मांडणी फारशी बदललेली नाही. इंजिनाला जोडलेलं चाक ऑईलला भिरकावतं, ते ऑईल समोरच्या चाकाच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवतं. पुढे सूर्य, ग्रह आणि बाहेरचं कडं अशा दातेरी चाकांचे संच असतात. संचातलं कुठलं चाक धरून ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, यावर गिअर ठरतो. हे धरण्या-सोडण्याचं काम ऑईलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटा करतात, आणि त्या प्लेटा दाबतं तेही ऑईलच.

म्हणजे एकच ऑईल इथे चार नोकऱ्या करतं. इंजिनाची ताकद पोचवायची, दाबाने क्लच आवळायचे, दात्यांना वंगण द्यायचं आणि उष्णता बाहेर न्यायची. शिवाय पाचवी, सगळ्यांत नाजूक जबाबदारी घर्षणाची. प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या तंतुमय पदार्थाचं असतं. ते स्टीलच्या प्लेटेला किती घट्ट आणि किती हळुवार पकडेल, हे अस्तराइतकंच ऑईलमधल्या रसायनांवर अवलंबून असतं. फार निसरडं ऑईल असेल तर क्लच घसरतो, कमी निसरडं असेल तर झटका बसतो.

या रसायनांचा इतिहास चमत्कारिक आहे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हे ऑईलचं मानक आणलं. त्या काळच्या ऑईलमध्ये घर्षण सांभाळायला स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या देवमाशाला कायद्याचं संरक्षण मिळालं, तेल बंद झालं आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. आजची डेक्स्रॉन सिक्स, टोयोटाची डब्ल्यूएस, ह्युंदाईची एसपी-फोर, झेडएफची लाइफगार्ड ही सगळी त्या शोधाची पुढची पिढी. पेट्रोल-डिझेल वाचावं म्हणून ती पूर्वीपेक्षा पातळ आहेत. घर्षणाची रसायनंही प्रत्येकात वेगळी, म्हणूनच एकाच्या जागी दुसरं चालत नाही. ‘लाल ऑईल सगळं सारखंच’ असं काउंटरवर कुणी म्हणालं तर तिथून निघावं. रंग नंतर घातलेला असतो, गुणाशी त्याचा संबंध नाही. झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्सचं ऑईल तर मुळातच हिरवट असतं.

झाकण कुणासाठी?

‘सील्ड’ म्हटला तरी हा बॉक्स हवाबंद नसतो. ऑईल तापलं की फुगतं, म्हणून हवा आत-बाहेर करायला त्याला एक ब्रीदर असतोच. मुंबईच्या पावसात तुंबलेल्या पाण्यात तापलेली गाडी उभी राहिली, तर निवणारा बॉक्स त्याच वाटेने पाणी ओढू शकतो. मग ऑईल गुलाबी दुधासारखं दिसू लागतं. रेडिएटरमधला ऑईल कूलर आतून फुटला तरी तसंच होतं, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या अस्तराचा चिकट थर सोडवतं.

डिपस्टिक काढण्यामागे कारणं होती. मालक किंवा पंपावरचा मुलगा भलतंच ऑईल ओततो, जास्त भरतो, नळीतून कचरा जातो. नवं ऑईल खरोखरच अधिक टिकाऊ झालं होतं. जुळणीचा खर्च वाचतो आणि देखभालीचा अंदाजे खर्च कागदावर कमी दिसतो. वॉरंटीच्या काळापुरतं हे गणित बरोबरही आहे. पहिला मालक पाच-सात वर्षांत गाडी विकतो, त्याला काही जाणवत नाही.

गंमत अशी, की गिअरबॉक्स बनवणाऱ्यांचं मत गाडी विकणाऱ्यांहून वेगळं पडतं. जर्मनीतल्या झेडएफचा सहा गिअरचा बॉक्स २००१ साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आला. गाडीच्या सर्व्हिस वेळापत्रकात ऑईल बदलणं नव्हतं. झेडएफ मात्र वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा जास्तीत जास्त आठ वर्षं, असा सल्ला देते आणि त्यासाठी पॅन, बोल्ट आणि ७ लिटर ऑईलचा तयार संच विकते. टोयोटाच्या अमेरिकेतल्या वेळापत्रकांतही बऱ्याच मॉडेलांना नेहमीच्या वापरात ऑईल बदलायला सांगितलेलं नाही. ओझं ओढणाऱ्या गाडीला मात्र ६०,००० मैलांची मर्यादा घातलेली आहे. आता पुण्या-मुंबईतली रोजची कोंडी, सात माणसं आणि टपावर सामान घेऊन चढलेला खंडाळ्याचा घाट, उन्हाळ्यातलं विदर्भ-मराठवाड्यातलं तापमान, यातलं काय ‘नेहमीचं’ धरायचं? टॉर्क कन्व्हर्टर सर्वांत जास्त तापतो तो कमी वेगात, जड चढणीवर, आतल्या दोन चाकांच्या वेगात फरक असताना. ऑईल ऑक्सिडाइझ होण्याचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे.

४० अंशांची खिडकी

डिपस्टिक गेली म्हणून मोजणं संपलं नाही, ते फक्त गाडीच्या खाली गेलं. यातलं खरं कसब ऑईल ओतण्यात नसून पातळी ठरवण्यात आहे.

पहिला नियम जुन्या मेकॅनिकांचा: ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरायचा प्लग सैल करून पाहा. वर्षानुवर्षं न उघडलेला तो प्लग गंजून बसलेला असला आणि ऑईल आधीच काढून टाकलेलं असलं, तर गाडी रॅम्पवरच अडकते.

निघालेलं ऑईल फेकायचं नसतं, मोजायचं असतं. किती लिटर आलं, ते लिहून ठेवायचं आणि सुरुवातीला तेवढंच भरायचं. मग पॅन उतरवायचा. आतल्या चुंबकांवर राखाडी, मऊ गाळ असेल तर ते नेहमीचं झिजणं. बोटाला टोचणारे तुकडे किंवा चकचकीत पत्र्या सापडल्या, तर पुढचं काम ऑईलचं राहत नाही, बॉक्स उघडण्याचं होतं. झेडएफच्या सहा गिअरच्या बॉक्सात पॅन प्लॅस्टिकचा आणि फिल्टर त्यातच घडवलेला, त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो. त्याचे बोल्ट जेमतेम १० न्यूटन-मीटरनेच आवळायचे. हाताच्या अंदाजाने ओढले की पॅन वाकतो आणि गळती सुरू होते.

नंतरची पायरी तापमानाची. गाडी चारी बाजूंनी सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं आणि ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद फिरवायचा, म्हणजे सगळ्या वाटा ऑईलने भरतात. टोयोटाच्या अनेक बॉक्सांत पॅनच्या आत एक उभी नळी असते. प्लग उघडला की नळीच्या तोंडावरचं जादा ऑईल वाहून जातं. वसुदेवाच्या मूर्तीच्या प्याल्यात पाणी कृष्णाच्या पायाला लागलं की सगळं ओसरतं. इथे मात्र तोंडाखालचं जागच्या जागी राहतं, वरचं तेवढं जातं. धार बारीक होत थेंबांवर आली की प्लग लावायचा. हे सगळं ऑईल ठरलेल्या तापमानात असतानाच करायचं. मॉडेलनुसार आकडा बदलतो, बहुतेक ठिकाणी तो ४० अंशांच्या आसपास असतो. झेडएफ ३० ते ५० अंशांची मुभा देते.

तापमानाचा एवढा आग्रह का? ८ लिटर ऑईल २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की ते जवळपास एक तृतीयांश लिटरने फुगतं. गार असताना पातळी लावली तर ऑईल जास्त होतं, फिरत्या चाकांनी घुसळून त्याचा फेस होतो आणि दाब कोसळतो. फार तापलेलं असताना लावली तर कमी पडतं. वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतो. स्कॅनर असेल तर तापमान पडद्यावर दिसतं. ज्याच्याकडे तो नसेल त्याच्यासाठी टोयोटाने एक सोय ठेवली आहे. १६ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटातल्या ४ आणि १३ क्रमांकाच्या पिना तारेने जोडून ठरावीक रीतीने लिव्हर हलवला, की डॅशबोर्डवरचा दिवा योग्य तापमानाची खूण देतो. सील्ड म्हणून विकलेल्या यंत्रात मोजण्याची ही वाट कंपनीनेच ठेवलेली आहे.

दीड लाखानंतर

आता त्या दोन सल्ल्यांकडे. ‘ऑईल बदललं आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला’ ही तक्रार खोटी नसते, पण बहुतेक वेळा तिचं कारण उलटं लावलेलं असतं. गाडी झटके देऊ लागते, चढावर आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, तेव्हा मालकाला ऑईल आठवतं. तोपर्यंत क्लचचं अस्तर जळालेलं असतं. नवं ऑईल अस्तर परत आणू शकत नाही. काही बॉक्स चुकीच्या ऑईलने जातात, काही चुकीच्या पातळीने. या दोन्हींचा दोषही ‘बदलण्याच्या’ माथी पडतो. जोरदार दाबाने फ्लश करण्याबद्दलची भीती मात्र अगदीच निराधार नाही. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला तर तो ऑईल क्लचांकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो.

म्हणून जास्त चाललेल्या गाडीचं काम ऑईलपासून नव्हे, तपासणीपासून सुरू व्हावं. स्कॅनरवर कोड पाहावेत, गाडी गरम होईपर्यंत चालवावी. ५०-६०च्या वेगात रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून जाताना यावी तशी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरमधली दोन चाकं थेट जोडणाऱ्या लॉक-अप क्लचची पकड बिघडतेय. ऑईल वेळेत बदललं तर ही थरथर पुष्कळदा थांबते. गिअर उघडच घसरत असेल, तर ऑईलने दुरुस्ती होणार नाही हे मालकाला आधी सांगून मगच पाना उचलावा.

बॉक्स ठीक असेल तर घाई नको. ड्रेन प्लगमधून सगळं ऑईल कधीच निघत नाही, मोठा हिस्सा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. समजा, एका वेळी ४० टक्के निघालं. पहिल्यांदा ६० टक्के जुनं उरतं, दुसऱ्यांदा ३६, तिसऱ्यांदा सुमारे २२. काही हजार किलोमीटरांच्या अंतराने केलेल्या अशा तीन बदलांत तीन चतुर्थांशाहून जास्त ऑईल नवं होतं आणि बॉक्सला धक्का बसत नाही. काढलेलं ऑईल गटारात नव्हे, २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवं.

जास्त चाललेली ऑटोमॅटिक गाडी विकत घेणाऱ्याने आधीच्या मालकाकडे म्हणूनच गिअरबॉक्सच्या कामाचं बिल मागावं. त्यावर ‘ऑईल चेंज’ एवढे दोनच शब्द असतील, तर काय झालं ते कळत नाही. ऑईलचं नेमकं मानक, किती लिटर काढलं, किती भरलं आणि किती अंशांवर प्लग लावला, हे चार तपशील असतील तर काम जाणकाराच्या हातून झालेलं आहे. काहीच नसेल, तर या चार नोंदींचं पहिलं बिल आपल्या नावावर करून घ्यावं आणि त्याचा खर्च गाडीची किंमत ठरवतानाच धरावा.