दातेरी घडीचा चाकू : निवड आणि निगा

कोल्हार हे प्रवरा नदीच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले बागायती गाव. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या खोऱ्याची शेती पालटली. पुढे जवळच्या लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. ऊस, चारापिके, कांदा, पेरू व डाळिंब यांच्या या मुलखात शेतकऱ्याच्या हाताशी दिवसभर काही ना काही कापावयाचे काम असतेच. कोयता, विळा व खुरपे ही आपली जुनी अवजारे होत. परंतु गोणीची सुतळी, नायलॉनचा कासरा, जनावराचे दावे, प्लॅस्टिकचे कापड, वाळलेला वेल अशा किरकोळ पण चिवट वस्तूंसाठी खिशात मावेल असा घडीचा चाकू फार उपयोगी पडतो. त्याची निवड पारखून कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

दात कशासाठी?

पात्याला दात असण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. कोकणात भातकापणीसाठी शिफारस केला जाणारा ‘वैभव’ विळा दातेरीच आहे. सपाट धारेवर हाताचा जोर सर्वत्र सारखा पसरतो. दातेरी धारेवर तोच जोर दातांच्या टोकांवर एकवटतो. त्यामुळे टोके धाग्यात रुततात आणि पाते ओढताच दोन दातांमधील खोलगट धार तो धागा कापते. निसरडा नायलॉन दोर सपाट पात्याखालून सटकतो, तर दातेरी पात्यात तो अडकून राहतो. शिवाय कठीण वस्तूशी प्रथम गाठ पडते ती दातांच्या टोकांची. आतील धार सुरक्षित राहते. म्हणून दातेरी पाते थोडे बोथटले तरी बराच काळ काम देते.

मात्र हा चाकू प्रत्येक कामास योग्य नव्हे. फळझाडांची छाटणी व कलम बांधणे यांसाठी तो कधीही वापरू नये. त्याने साल फाटते, जखम खडबडीत होते, ती लवकर भरून येत नाही आणि रोगजंतूंना वाट मिळते. ठिबकच्या नळ्या कापतानाही कड फाटून सांधा गळू शकतो व कीस आत पडून तोट्या तुंबतात. तेथे गुळगुळीत धारच हवी. म्हणून ज्याला एकच चाकू घ्यावयाचा आहे, त्याने मुठीकडील सुमारे एक तृतीयांश ते निम्मा भाग दातेरी व पुढील भाग सपाट असलेले पाते घ्यावे. केवळ दोर, गोणपाट व पट्टे कापणाऱ्याने पूर्ण दातेरी पाते घेण्यास हरकत नाही.

विकत घेताना काय पाहावे?

पाते तीन ते साडेतीन इंच लांब असावे. त्याहून लांब पाते खिशात अडचण करते व शेतकामात अधिक उपयोगीही पडत नाही. गंजरोधक पोलादाचे पाते ओलाव्यात टिकते. साध्या कार्बन पोलादाला धार सहज लागते, पण उसाचा रस व चिकाने ते लवकर गंजते. कामानंतर चाकू पुसण्याची सवय नसेल, तर पहिलाच प्रकार बरा.

घडीच्या चाकूचा खरा कस त्याच्या कळीत असतो. पाते उघडल्यावर कळ स्पष्ट आवाज करून बसली पाहिजे. चाकू दुकानातच दहा-बारा वेळा उघडून मिटून पाहावा. पाते धरून दोन्ही बाजूंस हलविले असता बिजागरी डुगडुगता कामा नये. मग बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून पात्याची पाठ लाकडावर हलकेच टेकवून दाबावी. कळ सुटली, तर तो चाकू परत करावा. दातेरी पाते दोरात अडकते व जोराने ओढावे लागते. अशा वेळी कळ सुटल्यास पाते थेट बोटांवर मिटते. मजुरीवर पोट असणाऱ्या माणसाचे एक बोट गेले, तर त्या घराचा सारा हंगाम बुडतो. स्वस्ताईच्या मोहाने येथे तडजोड करू नये.

मूठ खरबरीत असावी व ओल्या हातात घट्ट बसावी. रंग लाल किंवा नारिंगी असल्यास पाचटात वा गवतात पडलेला चाकू चटकन दिसतो. हरवलेला चाकू चाऱ्यातून कडबाकुट्टीत गेला, तर यंत्र मोडेल आणि माणसासही इजा होईल. म्हणून मुठीला दोरी ओवण्याचे छिद्र असलेला चाकू घ्यावा व तो कमरेला बांधावा.

वापरताना घ्यावयाची दक्षता

पाते नेहमी आपल्या अंगापासून दूर ओढावे. घडीच्या चाकूने घाव घालू नये. ऊस तोडण्यास कोयताच हवा. दाव्याचा फास बसून जनावर गुदमरत असेल, तेव्हा हा चाकू त्याचा प्राण वाचवू शकतो. त्या वेळी शक्य तर मानेपासून दूर, ताणलेला दोर कापावा. फासच कापावा लागला, तर दोर व कातडी यांच्यामध्ये पाते सरकवून धार बाहेरच्या बाजूस ठेवावी. या कामी बोथट टोकाचे पाते अधिक निर्धोक ठरते.

सर्पदंश झाल्यास मात्र चाकू खिशातच राहू द्यावा. दंशाच्या जागी चीर देणे, रक्त चोखणे किंवा दोरी आवळणे यांनी विष उतरत नाही, उलट हानी होते. दंश झालेला अवयव हलू न देता रोग्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. प्रतिसर्पविष हाच उपाय होय. पात्याने खोल जखम झाल्यास ती स्वच्छ धुऊन धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

निगा

काम संपताच पाते धुऊन कोरडे करावे व बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडावा. एका रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते निर्जंतुक करणे अगत्याचे आहे. डाळिंबावरील तेल्या रोग, तसेच उसाच्या खोडव्याची वाढ खुंटविणारा जिवाणुजन्य रोग हे कापण्याच्या हत्यारांमार्फतही पसरतात. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरल्यास नंतर पाते पाण्याने धुवावे, नाहीतर ते गंजते.

दातेरी पाते फिरत्या चाकावर लावण्यास देऊ नये. दात झिजतात आणि घर्षणाने तापून निळसर पडलेल्या पोलादाचे पाणी उतरते. दातांच्या खोलगट भागात बसेल अशी बारीक, निमुळती गोल कानस घ्यावी. ज्या बाजूस दात कोरलेले असतात, त्याच बाजूने प्रत्येक दातास तीन-चार हलके हात द्यावेत. दुसरी सपाट बाजू धारेच्या दगडावर आडवी ठेवून एकदाच फिरवावी, म्हणजे कंगोरा निघून जाईल.

चाकू ही लहानशी वस्तू खरी. पण योग्य पारखून घेतली व नीट राखली, तर कित्येक हंगाम शेतकऱ्याला सोबत देते. खरेदीस जाताना आपल्या शेतातील चिवट दोराचा एक तुकडा बरोबर न्यावा आणि त्यावरच पात्याची परीक्षा करावी. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तो तुकडाच खरी साक्ष देईल.