प्रथिनांची पकड मोजणारे सोने

सोन्यावर चिकटलेली प्रथिने रंग न लावता पाहता येतात, हे स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या संशोधकांनी 1983 मध्ये दाखवले. त्यावर आधारलेले 'बियाकोर' यंत्र 1990 मध्ये बाजारात आले. प्रयोगशाळेत ही पद्धत 'एसपीआर' म्हणून ओळखली जाते.

काचेवर सोन्याचा जेमतेम 50 नॅनोमीटर जाडीचा थर असतो. काचेच्या बाजूने त्यावर प्रकाश टाकला, की एका ठरावीक कोनात परावर्तन एकदम मंदावते, कारण प्रकाशाची ऊर्जा सोन्यातले इलेक्ट्रॉन हेलकावण्यात खर्ची पडते. पलीकडच्या बाजूला प्रथिन चिकटले, की हा कोन सरकतो. चौरस मिलिमीटरवर एक नॅनोग्रॅम प्रथिन बसले, तर सुमारे 0.1 अंशाने. चांदीवर हाच परिणाम अधिक ठळक दिसतो, पण ती काळवंडते.

सोन्यावरून केसाएवढ्या बारीक नळीतून द्रावण वाहते. नमुना थोडा लागतो हे खरे, पण खरी गोम वेगळीच. इतक्या अरुंद जागेत पाण्यात भोवरे उठत नाहीत. थर एकमेकांत न मिसळता सरकत राहतात आणि भिंतीलगतचा थर जवळजवळ थांबलेला असतो. म्हणजे शेवटचे अंतर प्रथिनाला आपले आपणच कापावे लागते. 50 मायक्रोमीटर ओलांडायला त्याला वीस-पंचवीस सेकंद सहज लागतात. त्या प्रथिनाला धरण्यासाठी भिंतीवर आधीच बसवलेले रेणू त्याहून चटकन प्रथिने पकडत असतील, तर आलेखात दिसतो तो नळीचा पुरवठा, रेणूची ओढ नव्हे! म्हणून जाणकार प्रवाहाचा वेग बदलून तोच प्रयोग पुन्हा करतात. आलेख बदलला, की आकड्यांवर विश्वास ठेवत नाहीत.

एवढा खटाटोप पकडायला किती वेळ लागतो ते मोजण्यासाठी. नंतर नळीतून प्रथिन नसलेले नुसते द्रावण (बफर) सोडले, की प्रथिने किती वेगाने सुटतात तेही दिसते. दोन प्रतिपिंडांची एकूण पकड सारखी निघू शकते. पण एक झटकन धरून झटकन सोडते, दुसरे सावकाश धरून तासन्‌तास चिकटून राहते. औषध निवडताना हा फरक निर्णायक ठरू शकतो.

2020 च्या सुरुवातीला टेक्सास विद्यापीठातल्या गटाने याच तंत्राने नव्या कोरोना विषाणूचे स्पाइक प्रथिन तपासले. आपल्या पेशींवरच्या एसीई-2 या प्रथिनाला ते 2002-03 च्या सार्स विषाणूच्या स्पाइकपेक्षा 10 ते 20 पट घट्ट बिलगते, असे त्यांच्या मोजमापात आढळले.

मात्र नळीत थेट रक्तद्रव सोडला, तर अल्ब्युमिनसारखी भारंभार प्रथिनेही सोन्यावर बसतात आणि कोन सरकतोच. कोण बसले, हे सोन्याला कळत नाही. त्यामुळे हे यंत्र औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळांत रुळले, रुग्णाच्या खाटेशेजारी मात्र क्वचितच पोहोचले.