सहल वारावर, समुद्र तिथीवर

तीर्थयात्रा, बदली किंवा लग्नकार्य यांवाचून, केवळ पाहण्यासाठी आणि विसाव्यासाठी घर सोडावे, ही कल्पना मराठी मध्यमवर्गात रुळायला बराच काळ जावा लागला. आता ती इतकी रुळली आहे की दिवाळीनंतरच्या दिवसांत वर्तमानपत्र उघडावे आणि सहलींच्या जाहिराती दिसू नयेत, असे होत नाही. 'दोन दिवस, सात स्थळे', 'चहा-नाश्ता-जेवणासह', 'अनुभवी मार्गदर्शक' ही भाषा वाचकांच्या परिचयाची आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अशा सहलींत रायगडचा किनारा, म्हणजे अलिबागपासून हरिहरेश्वरपर्यंतचा पट्टा, विशेष लोकप्रिय आहे. शनिवारी पहाटे आरामगाड्या पेणच्या किंवा ताम्हिणी घाटाच्या वाटेला लागतात आणि रविवारी रात्री परततात. या प्रवासात नोकरदार कुटुंब आपली बचत आणि बचतीहूनही दुर्मिळ अशी सुट्टी खर्च करते. त्या मोबदल्यात त्याच्या पदरात काय पडते, आणि ज्या किनाऱ्यावर हा खर्च होतो असे आपण समजतो त्या किनाऱ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. पण तो फारसा कोणी विचारीत नाही.

अनिश्चिततेचा विमा

मार्गदर्शकाच्या शिटीवर चालणाऱ्या सहलीची चेष्टा करण्याची रीत सुशिक्षितांत आहे. ही चेष्टा अन्यायाची आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात थॉमस कुक या सुताराने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसांना आगगाडीने नेले. दर माणशी फक्त एक शिलिंग! प्रत्येकाने सुटे तिकीट काढले असते तर त्यांतील कित्येक जण घरीच राहिले असते. घाऊक खरेदीने प्रवास स्वस्त होतो आणि स्वस्त झाला की तो सामान्य माणसाच्या आवाक्यात येतो, हे तत्त्व त्या प्रवासाने सिद्ध केले. आपल्याकडे अष्टविनायक यात्रेच्या बसगाड्यांनी तेच काम केले. आठांपैकी पाली आणि महड ही दोन स्थाने रायगड जिल्ह्यातच आहेत. ज्या आजीबाईंना रेल्वेचे वेळापत्रक वाचता येत नाही, ज्या निवृत्त शिक्षिकेला परगावी एकटीने खोली मागण्याचा संकोच वाटतो, त्यांना आरामगाडीतील एक आसन म्हणजे स्वातंत्र्यच असते. केवळ महिलांसाठी निघणाऱ्या सहलींना जो प्रतिसाद मिळतो, त्याचे कारण हेच आहे.

वस्तुतः सहलीचा व्यवस्थापक जो माल विकतो तो देखावा नसतोच. समुद्र, डोंगर, किल्ला यांवर त्याची मालकी नाही. तो विकतो ती निश्चिती: खोली मिळेल, जेवण वेळेवर होईल, आजारी पडलो तर कोणी विचारील, रात्री वाट चुकणार नाही. ही निश्चिती म्हणजे एक प्रकारचा विमाच होय आणि त्याचा हप्ता देण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच आहे, की हा हप्ता आपण पैशांत भरतो, की त्याहून मोठा हप्ता वेळेत भरतो?

मिनिटांचा हिशेब

एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, गाडी पहाटे पाचला निघाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री दहाला परतली. मधल्या मुक्कामाचे नऊ तास वजा करता बत्तीस तास उरतात. त्यांतील पंधरा तास गाडीत, सात तास जेवणखाण, आंघोळ व सामानाची आवराआवर यांत, आणि तीन तास होडीची, जंगलजेटीची किंवा मागे राहिलेल्या सहप्रवाशाची वाट पाहण्यात गेले, तर सात स्थळांसाठी सात तास राहतात. म्हणजे एका स्थळाला एक तास. आणि त्यातही छायाचित्रे काढण्याचा वेळ धरलेला आहे. स्थळांची संख्या जाहिरातीत ठळक छापली जाते. थांब्याची मिनिटे मात्र कोठेही छापलेली नसतात. ग्राहकाला जे मोजून दिले जाते ते आणि त्याला जे हवे असते ते, यांत अशी तफावत पडते.

जंजिऱ्याचेच उदाहरण घ्या. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते. ती भरल्याशिवाय सुटत नाही. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत तटात दिसत नाही, ही त्याच्या बांधणीतील युक्ती अनुभवायला मिळते तो क्षण खरोखरच रोमांचक असतो. आत गेल्यावर साधारण पाऊण तास मिळतो. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यातील गोड्या पाण्याचे तलाव, कलालबांगडी तोफ, पडक्या महालाच्या भिंती, आणि १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकलेल्या सिद्दींच्या राज्याची कथा, हे सर्व त्या पाऊण तासात बसवायचे असते. समोर समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधविलेला पद्मदुर्ग दिसतो. त्याच्याकडे बोट दाखवून मंडळी परत फिरतात. वाटेतल्या कोर्लईला तर बहुतेक गाड्या थांबतही नाहीत. त्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीजपासून घडलेली, जगात अन्यत्र न आढळणारी बोली बोलतात. गाडीतील मंडळी त्याच वेळी अंताक्षरीत गुंतलेली असतात. शेजारचे चौल हे तर पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी भारतात प्रथम उतरला ते बंदर. आज ते बहुतेकांच्या दृष्टीने रेवदंड्यापूर्वीचे एक वळण आहे.

पंचांग आणि वेळापत्रक

या किनाऱ्यावर वेळापत्रकाला आणखी एक प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे समुद्र. आरामगाडी वारावर चालते. समुद्र तिथीवर चालतो. किनाऱ्यावरील कोळ्याला भरतीची वेळ काढण्यासाठी छापील तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास ढोबळ मानाने निघतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आधी भरती भरत आलेली आणि ओहोटी सायंकाळी.

आता अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा विचार करा. ओहोटीला तेथे चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीला मधली वाट पाण्याखाली जाते. शनिवारी अकरा वाजता पोहोचणाऱ्या सहलीला अष्टमी लाभली तर पाणी ओसरत असते. पुढच्या शनिवारी, त्याच घड्याळाला, पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ आलेली असते आणि पाणी चढत असते. शिवाय अष्टमीच्या सुमारास भांग असल्याने पाणी फार मागे जात नाही, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते फार मागे जाते, पण भलत्या वेळी. एकच छापील कार्यक्रम दर आठवड्याला वापरणाऱ्या सहलीत निम्म्या लोकांना किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागणार, हे पंचांग आधीच सांगत असते. पण सहलीच्या कार्यालयात पंचांग कोण उघडतो?

हा केवळ गैरसोयीचा मुद्दा नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून आलेल्या एका महाविद्यालयीन सहलीतील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडून मरण पावले. शाळा-महाविद्यालयांच्या सहली नेणाऱ्या आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने ही घटना विसरता कामा नये. शैक्षणिक सहलींना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते आणि त्यामुळे खेड्यातील मुलांनाही समुद्र पाहता येतो, ही मोठी सोय आहे. परंतु पाण्याची वेळ, किनाऱ्याचा उतार आणि ओढ स्थानिक माणसाला विचारून घेण्यासाठी लागणारी पंधरा मिनिटे कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत राखून ठेवलेली नसतात. घाईची किंमत प्रत्येक वेळी पैशांतच चुकवावी लागते असे नाही.

काचेआडचे कोकण

रस्त्याच्या या धावपळीला रेल्वे हा उतारा आहे, असे अनेकांना वाटते. रोह्यापासून मंगळूरकडे जाणारा, सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्या उभारणीचा कारभार ई. श्रीधरन यांच्या हाती होता. देशातील अत्यंत रमणीय रेल्वेमार्गांत त्याची गणना होते आणि ती योग्यच आहे. २०१७ पासून या मार्गावरील गाडीला काचेच्या छताचा, मोठ्या खिडक्यांचा 'व्हिस्टाडोम' डबा जोडला गेला. पावसाळ्यात त्या डब्यात बसून हिरवी खाचरे, धबधबे आणि नद्या पाहण्याचे सुख नाकारण्याचे कारण नाही.

तथापि दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. रायगड जिल्ह्यात हा मार्ग समुद्राजवळून जात नाही. रोहा, कोलाड, माणगाव, वीर ही स्थानके किनाऱ्यापासून आत आहेत. दिवेआगर किंवा श्रीवर्धनला जायचे तर माणगावला उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते. आणि वेगवान गाड्या यांतील बहुतेक स्थानकांवर थांबत नाहीत. दुसरी गोष्ट अशी, की काचेतून दिसणारा देखावा कोणीतरी राखलेला असतो. भाताचे खाचर लावणारा शेतकरी, बांधावरचे झाड न तोडणारा त्याचा शेजारी, यांच्या श्रमाने तो देखावा उभा आहे. अर्थशास्त्रात याला बाह्यलाभ म्हणतात: लाभ घेणारा एक, खर्च सोसणारा दुसरा, आणि दोघांमध्ये व्यवहार मात्र नाही. काचेच्या डब्याचे जादा भाडे रेल्वेला मिळते. खाचर लावणाऱ्याला खिडकीतला एक हात हलताना दिसतो.

याच जिल्ह्यातील दुसरी आगगाडी याबाबतीत अधिक शहाणी म्हटली पाहिजे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुमारे वीस किलोमीटर चढायला दोन तासांहून अधिक वेळ घेते. २०१९ च्या पावसाने मार्ग खचला आणि २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा गावाने सुटकेचा श्वास टाकला. माथेरानात पर्यटकाच्या मोटारीला प्रवेश नाही. त्यामुळे तेथे गेलेला माणूस चालतो, थांबतो, राहतो. आणि त्याचा पैसा घोडेवाला, हमाल, खानावळवाला यांच्या हाती पोहोचतो. गाडीचा संथपणा हाच त्या गावाचा रोजगार आहे.

वाडी आणि ओसरी

किनाऱ्याला या रोजगाराची गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ही पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत होती. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. एवढ्या काळात घर चालवायचे कशावर? अनेक घरांनी ओसरीशेजारच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी दिल्या, घरच्या बाईने वीस माणसांचा स्वयंपाक पत्करला. हा धंदा त्यांच्या दृष्टीने हौसेचा नाही. तो त्यांचा पीकविमा आहे.

आरामगाडीचा पैसा या ओसरीपर्यंत पोहोचतो का? सहलीची रक्कम शहरात भरली जाते. गाडी शहरातली, व्यवस्थापक शहरातला. अनेकदा आचारी आणि शिधाही गाडीबरोबर येतो. मुक्काम पन्नास माणसे एकत्र मावतील अशा मोठ्या निवासातच करावा लागतो, म्हणून दोन खोल्यांचे घर आपोआप बाद होते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच्या माळा घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या बाईसमोर मोटारी थांबतात, पण पन्नास प्रवाशांची गाडी क्वचितच थांबते, कारण पुढचे स्थळ गाठायचे असते. गर्दी गावाला मिळते, कचरा गावाला मिळतो, पाण्यावरचा ताण गावाला मिळतो. उत्पन्नाचा मोठा वाटा मात्र ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो.

पूल आल्यावर

जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबईहून अलिबागकडे येण्याचा वेळ कमी झाला. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर खाड्यांवरचे मोठे पूल योजिले आहेत. जंगलजेटीवर जाणारा वेळ वाचेल, हे स्वागतार्हच आहे. किनाऱ्यावरच्या रुग्णाला आणि विद्यार्थ्याला त्याचा लाभ प्रथम होवो. परंतु वाचलेला वेळ सहलीत कोठे जाईल? तो थांब्यात गेला तर प्रवासी आणि गाव दोघांचाही फायदा आहे. तो आठव्या आणि नवव्या स्थळात गेला, किंवा मुक्कामाची सहल एका दिवसाची झाली, तर पूल किनाऱ्याला जवळ आणूनही दूरच ठेवतील.

हा निर्णय सरकार किंवा सहल-व्यावसायिक यांनीच घ्यायचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. बाजारात ग्राहक जे विचारतो ते विक्रेता मोजू लागतो. आज आपण 'किती स्थळे?' असे विचारतो, म्हणून स्थळे वाढतात. उद्या आपण 'प्रत्येक ठिकाणी किती मिनिटे? त्या दिवशी तिथी कोणती, ओहोटी केव्हा? जेवण कोणाच्या घरचे? किल्ला दाखविणारा स्थानिक आहे का, आणि त्याला मेहनताना मिळतो का?' असे चार प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारू लागलो, तर कार्यक्रमपत्रिका बदलायला फार काळ लागणार नाही. पन्नासांची एक तुकडी दहा घरांत पाच-पाच जणांची विभागता येते. त्यासाठी व्यवस्थापकाला थोडी अधिक यातायात करावी लागेल, एवढेच. रजा प्रवास सवलतीची वाट पाहत चार वर्षे काढणाऱ्या कुटुंबाला तीन स्थळे नीट पाहायला मिळाली तर त्याचे नुकसान होणार नाही. आणि ज्या घराची वाडी पडली आहे, पण ओसरी शाबूत आहे, त्या घरात एक रात्र अधिक दिवा जळेल.