इरावतीपलीकडचे कोठार

दुसऱ्या महायुद्धाचे शेवटचे पर्व म्हटले की बर्लिन, इवो जिमा, ओकिनावा ही नावे चटकन तोंडी येतात. मैक्तिला क्वचितच कुणाला आठवते. वास्तविक ब्रह्मदेशात जपानी सैन्याचा कणा मोडला तो मार्च १९४५ मध्ये, मंडालेच्या दक्षिणेच्या या गावात. आणि माझ्या मते त्याचे श्रेय पराक्रमापेक्षा रसदीच्या हिशेबाला थोडे अधिक द्यावे लागते. जपान्यांची कोठारे, रुग्णालये, धावपट्ट्या इथेच होत्या आणि इरावतीकाठच्या फौजांचा दाणागोटा व दारूगोळा इथूनच जाई. ब्रिटिश-हिंदी चौदाव्या सेनेचा सेनापती विल्यम स्लिम याला शत्रूला नदीच्या अलीकडे, श्वेबोच्या मैदानात गाठायचे होते. पण जपानी सेनापती किमुरा सावध निघाला, त्याने फौज नदीपलीकडे नेली. तेव्हा स्लिमने बेतच फिरवला. एक कोअर मंडालेसमोर उघड उघड नदी ओलांडू लागली. दुसरी पश्चिमेच्या खोऱ्यातून गुपचूप दक्षिणेकडे सरकली, आणि ती हललीच नाही असे भासवायला मागे खोटे बिनतारी संदेश चालू राहिले. १४ फेब्रुवारीला पगानजवळ न्याऊंगूला तिने नदी गाठून ओलांडली. तिथे समोर पहाऱ्यावर आझाद हिंद सेनेचेही जवान होते. दोन्ही तीरांवर हिंदी माणसे, हा पेच स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ३ मार्चला मैक्तिला पडले. तिथे लढणारे बरेचसे कोठारांवरचे आणि दुरुस्तीखात्यातले लोक होते, चालत्याफिरत्या रुग्णांच्याही हाती बंदुका दिल्या होत्या. रणगाडे अडवायला एकेक शिपाई खड्ड्यात विमानाचा बॉम्ब गुडघ्यांत धरून, हातात दगड घेऊन बसे. रणगाडा वर आला की दगड बॉम्बच्या टोपीवर हाणायचा.

यावर पहिला आक्षेप असा, की जपानी आदल्या वर्षी इंफाळ-कोहिमालाच खचले होते, मैक्तिला हा केवळ पाठलाग. खचले होते हे खरेच. पण तिथे तरी काय घडले? तिथला जपानी सेनापती मुतागुची जेमतेम तीन आठवड्यांचे अन्न घेऊन निघाला होता, पुढचे शत्रूच्या कोठारांतून मिळेल या भरवशावर. म्हणजे हा आक्षेप माझ्याच मुद्द्याला बळ देतो. शिवाय मैक्तिला गेल्यावर जपानी सेनापती होंडा याच्या सैन्याने ते परत घेण्यासाठी मार्चअखेरपर्यंत जिवाचे रान केले. धावपट्टी तोफांच्या टप्प्यात आणली. रोज सकाळी मैदान झाडून जपान्यांना हुसकावल्याशिवाय स्लिमच्या सैन्याला विमान उतरवता येईना, पुढे तर सगळे पॅराशूटनेच टाकावे लागले. पळणारे सैन्य असे लढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: ज्याच्याकडे विमाने, तो जिंकणारच. मात्र स्लिमकडेही ती मुबलक नव्हती. डिसेंबर १९४४ मध्ये ७५ डकोटा विमाने एकाएकी चीनकडे वळवली गेली. रेशमी पॅराशूट पुरेनात म्हणून बंगालच्या तागाची बनवून घेतली, टामू ते कालेवा या कच्च्या रस्त्यावर डांबरात बुडवलेले तागाचे कापड अंथरले, चिंदविनच्या काठी होड्या बांधल्या. जपान्यांकडे साधने कमी होती हे मान्य. पण आहे ती कुठे खर्चायची, याचे उत्तर स्लिमने लढाईआधी शोधले, किमुराने मैक्तिला गेल्यावर. आणि स्लिमलाही आपल्या हिशेबाची मर्यादा ठाऊक होती. पावसाळा लागला तर रंगूनपर्यंत सेना पोसता येणार नाही हे ओळखून, बाजूला पडलेली समुद्रमार्गे उतरण्याची योजना पुन्हा हाती घ्यावी असा आग्रह त्यानेच धरला. २ मे रोजी समुद्रमार्गे सैन्य उतरले, दुसऱ्या दिवशी रंगूनमध्ये शिरले. जपानी आधीच निघून गेले होते. स्लिमची सेना अजून पेगूच्या आसपास चिखलात अडकलेली होती.