लार्च वृक्षाचे हिवाळी तारबंधन : कला आणि मर्यादा

'बोन्साय' हा जपानी शब्द असून 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साइ' म्हणजे लावणी असा त्याचा अर्थ होतो. ही कला चीनमधून जपानमध्ये गेली आणि त्या प्रवासात बौद्ध भिक्षूंचाही वाटा होता, असे अभ्यासक मानतात. तथापि ह्या कलेविषयीची एक जुनी शंकाही एका भिक्षूनेच नोंदवून ठेवली आहे. इ. स. १३३० च्या सुमारास लिहिलेल्या 'त्सुरेझुरेगुसा' ह्या ग्रंथात योशिदा केन्को हिनो सुकेतोमो नावाच्या दरबारी सरदाराची हकिकत सांगतो. पावसामुळे तो तोजी विहाराच्या दारात थांबला असता तेथे त्याला वाकड्या हातापायांचे भिकारी दिसले. प्रथम त्याला त्यांचे कौतुक वाटले, नंतर वीट आला. आणि घरी जाऊन त्याने आपली वेडीवाकडी कुंडीतील झाडे उपटून टाकली. त्या दुःखी माणसांविषयी त्याला करुणा वाटली, असे मात्र ही कथा सांगत नाही. ही तिची उणीव आम्हास खटकते. तरीही तिच्यातून उभा राहणारा प्रश्न खरा आहे. जिवंत वस्तूला वाकविणे म्हणजे तिला विद्रूप करणे नव्हे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा प्रत्यक्ष कृतीत शोधावे, ह्या हेतूने डोंगरातून आणलेल्या लार्च वृक्षाचे उदाहरण आम्ही येथे घेत आहोत.

लार्चचा स्वभाव

लार्च हा सूचिपर्णी असूनही पानझडी आहे. देवदार वा पाइन बारमाही हिरवे असतात; लार्चच्या सुया मात्र शरद ऋतूत सोनेरी होऊन गळून पडतात. युरोपीय लार्च आल्प्स पर्वतात, तर जपानी लार्च मध्य होन्शूच्या डोंगरांत वाढतो. आपल्या देशात सिक्कीम व अरुणाचल प्रदेशाच्या उंच भागांत त्याची एक जात आढळते. कडक थंडीतील विश्रांती ह्या वृक्षाला आवश्यक असल्याने महाराष्ट्रातील सपाटीवर तो टिकणार नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करणे योग्य.

बर्फाचा भार, वारा आणि उथळ खडकाळ माती ह्यांमुळे डोंगरावरील कित्येक लार्च अनेक दशकांनंतरही खुजेच राहतात. अशी झाडे वसंतात, डोळे फुटण्यापूर्वी, मुळांसह काढून आणली जातात. जमीनमालकाच्या वा वनखात्याच्या अनुमतीवाचून असे झाड काढणे ही चोरीच होय. अनुमती मिळाली तरी जे झाड जगविण्याची खात्री नाही, ते जागेवरच राहू द्यावे.

हिवाळाच का?

आणलेल्या झाडाला लगेच तार लावणे ही सर्वांत मोठी चूक होय. तुटलेली मुळे पुन्हा धरेपर्यंत निदान दोन वर्षे त्याला मोकळे वाढू द्यावे. नवीन फुटवे जोमदार आले, म्हणजे मुळे सावरली असे समजावे.

त्यानंतरचा हिवाळा तारबंधनास योग्य ठरतो. सुया नसल्यामुळे खोड व फांद्यांची संपूर्ण रचना उघडी दिसते आणि तार नेमकी बसविता येते. हिवाळ्याच्या अखेरीस, डोळे फुगण्यापूर्वी काम केले, तर वाकविताना झालेल्या बारीक जखमा पुढे येणाऱ्या वाढीत लवकर भरून निघतात. गोठलेले लाकूड ठिसूळ असते. म्हणून कडक हिमाच्या दिवशी फांदी वाकवू नये.

तार लावण्याची रीत

नवशिक्याने मऊ ॲल्युमिनियमची तार वापरावी. तापवून मऊ केलेली तांब्याची तार अधिक घट्ट धरते, परंतु तिला हाताची सवय लागते. तारेची जाडी फांदीच्या सुमारे एकतृतीयांश असावी. शक्यतो एकाच तारेने जवळच्या दोन फांद्या बांधाव्यात व मध्ये खोडाला एक वेढा द्यावा, म्हणजे तार सरकत नाही. वेढे सुमारे ४५ अंशांच्या कोनात, जाड भागाकडून शेंड्याकडे न्यावेत. लार्चच्या फांदीवर आखूड खुंटांसारखे डोळे असतात आणि वसंतात सुयांचे झुबके त्यांतूनच फुटतात. तार ह्या डोळ्यांच्या मधून न्यावी. डोळा चिरडला की तेथील पालवी गेली.

वाकविताना दोन्ही अंगठे वळणाच्या आतील बाजूस टेकवावेत आणि तारेचा वेढा बाहेरच्या बाजूस येईल असे पाहावे. कारण लाकूड फाटते ते बाहेरून. जाड फांदीला आधी ओल्या रॅफियाच्या धाग्यांचे वेष्टन द्यावे. बारीक करकर ऐकू येताच थांबावे.

आकार कोणता द्यावा, हे डोंगरच सांगतो. तरुण लार्चच्या फांद्या वर जातात. वृद्ध वृक्षाच्या फांद्या वर्षानुवर्षांच्या बर्फाने खाली झुकलेल्या असतात. म्हणून खालच्या फांद्या खोडापासूनच उतरत्या कराव्यात. वठलेला शेंडा वा कोरडे लाकूड लपवू नये. तो त्या वृक्षाचा इतिहास आहे.

तार काढणे

काम झाल्यावर झाड काही आठवडे बोचऱ्या वाऱ्यापासून दूर, परंतु थंड जागीच ठेवावे. उबदार खोलीत नव्हे. उन्हाळ्याच्या आरंभापासून तार दर आठवड्यास तपासावी. लार्च झपाट्याने जाड होतो आणि तार सालीत रुतली, तर तिचा व्रण अनेक वर्षे जात नाही. तार उलगडू नये, तुकडे करून काढावी. फांदी पुन्हा वर उठली, तर पुढील हिवाळ्यात नव्याने बांधावी.

आता सुकेतोमोच्या प्रश्नाकडे वळू. विनयपिटकाने भिक्षूला वनस्पतीची हानी निषिद्ध केली आहे. गृहस्थाला तो नियम नाही, तरी त्यामागील सावधपणा त्यानेही घेण्यासारखा आहे. केवळ चमत्कार दाखविण्यासाठी झाड पिळणे आम्हास अमान्य आहे. जी तार वृक्षाचा स्वभाव ओळखून लावली जाते आणि वेळेवर काढली जाते, तिला मात्र आम्ही बंधन म्हणत नाही, आधार म्हणतो. ह्या दोहोंतील अंतर तारेत नसून ती लावणाऱ्याच्या दक्षतेत आहे.